आज भाजी बेताचीच हाय

दत्तू, तुझ्या फोटोला घातलेला हार बेताचाच आहे. तुझ्या लेकानं, गणेशनं, नेवाशातून आणला, झेंडूची निम्मी फुलं अजून उमललेली नाहीत. फोटोही बेताचाच. आधारकार्डावरचा मोठा करून घेतला, त्यात तू कोंबडी चोरताना सापडल्यासारखा दिसतोस. आधीच सांगून ठेवते, म्हणजे बघितल्यावर तुझा हिरमोड व्हायला नको. ही पद्धत तुझीच.

काल तुझं तेरावं झालं. उद्या शनिवार. खानावळ उघडायची आहे आणि पुढं उभं राहून गिऱ्हाइकांशी बोलणारा कुणी नाही. तुझा लेक म्हणतो, 'आत्या, मनात आहे ते लिहून काढ, मोकळं वाटेल.' मोकळं वाटून घ्यायला मला वेळ कुठंय, पाच किलो शेंगदाणे भाजायचे पडलेत. पण तुझ्याशी एक भांडण अर्धं राहिलंय. ते पुरं केल्याशिवाय चूल पेटवायची नाही असं ठरवून ही वही उघडली आहे.

पहिली अडचण हाक मारण्याचीच. तू लहान होतास तेव्हापासून मी तुला 'मेल्या' म्हणत आले. मेल्या पाणी आण, मेल्या जेवून घे. परवा सवयीनं तोंडातून गेलं, 'हा मेला कुटं गेला?' आणि भेटायला आलेल्या बायका एकदम गप्प झाल्या. मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं, आणि मग दोन्ही एकदम. म्हणून आता दत्तूच म्हणते. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी धाकटा तू. माझ्या आधी जायचं तुला काही कारण नव्हतं.

भांडण काय, ते तुला ठाऊक आहे. तरी एकदा सगळं ओळीनं मांडू दे. आयुष्यात पहिल्यांदाच तू मध्ये बोलणार नाहीस.

शिंगणापूरच्या रस्त्याला आपलं सहा टेबलांचं पत्र्याचं छप्पर. आत चुलीपाशी मी, बाहेर गिऱ्हाइकापाशी तू. राहायलाही मी तिथंच, मागच्या खोलीत. तू आणि तुझी बायको सुमन वस्तीवर. बावीस वर्षं भाकरी मी थापल्या, आमटी मी फोडणीला टाकली, आणि बावीस वर्षं तू येणाऱ्या प्रत्येक माणसाला, त्यानं बूड टेकायच्या आत, एकच सांगत आलास. 'बसा, बसा. पन आज भाजी बेताचीच हाय बरं का.'

मी आतून ऐकायचे. कधी 'आक्काचं डोकं दुखतंय आज', कधी 'वांगीच चांगली न्हाई मिळाली', कधी 'चुलीनं धूर लई धरलाय'. वांगी मी बाजारात एकेक उलटून पालटून निवडलेली असायची आणि डोकं माझं तुझं बोलणं ऐकल्यावर दुखायला लागायचं. त्यात तुझी दुसरी ओळ ठरलेली, 'अर्धा तास तरी लागंल.' आणि दहाव्या मिनिटाला ताट समोर.

शनीचं दर्शन घेऊन आलेली माणसं ती. आधीच साडेसातीची धास्ती घेतलेली. तुझं ऐकून त्यांना वाटायचं, चला, जेवणातही सुटका नाही. खाली मान घालून बसायची बिचारी. मग ताट यायचं, पहिला घास जायचा, आणि मान एकदम वर. नवरा बायकोकडं बघायचा, बायको सासूकडं. तू तेव्हा हटकून पाठ करून पलीकडचं टेबल पुसत असायचास, पण तुझे कान तिकडंच. कुणी म्हटलं, 'अहो मालक, बेताची काय म्हणता, एक नंबर झालीय!' की तू मान हलवून म्हणायचास, 'तुमाला भूक लागली आसंल.'

भूक लागली असेल! या एका वाक्यासाठी मी तुला एकदा उलथनं फेकून मारलं होतं. नेम चुकला आणि दुधाच्या कॅनला पोचा पडला. तो अजून आहे. आज कॅन घासताना बोट त्यावर थांबलं.

सुरुवात अशी नव्हती. सुरुवातीला तू तोंड भरून बोलणारा होतास. मी सासर सोडून आले तेव्हा चार भांडी आणि एक शेरा बरोबर घेऊन आले होते, हिच्या हाताला चव नाही. सासूबाई हे आठवड्यातून तीनदा बोलून दाखवायच्या आणि उरलेले चार दिवस न बोलता ताट सरकवायच्या. मी तुला हे सांगितलं तेव्हा तू म्हणालास, 'आक्का, तू रांध. चव हाय का न्हाई ते लोक सांगत्याल.' रस्त्याकडेला पत्रे उभे केलेस आणि वर ही मोठी पाटी लावलीस: आक्काच्या हातचं अमृतासारखं जेवण! एकदा खाल, जन्मभर आठवाल!

चौथ्या दिवशी नगरचा एक कापडवाला आला. त्यानं पाटी मोठ्यानं वाचली, ताट पुढं ओढलं, मास्तरानं पेपर तपासावा तसं एकेक चाखून बघितलं आणि हात धुता धुता म्हणाला, 'ठीक हाय. पन अमृत बिमृत काय न्हाई.'

जेवण वाईट नव्हतं रे. पाटी जास्त झाली होती. पण हे मला तेव्हा कुठं कळायला? मी चुलीत तांब्याभर पाणी ओतलं आणि मागच्या बाभळीखाली जाऊन बसले. आता परातीला हात लावणार नाही म्हणाले. तू समजूत काढली नाहीस. नुसता बघत उभा राहिलास आणि निघून गेलास. दुसऱ्या दिवशी बघते तर पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेल्या लाल रंगानं पाटी बदललेली. येथे साधे जेवण मिळेल. वेळ लागेल.

मी काय समजले? समजले, यालाही पटलं. कापडवाल्याचंही पटलं आणि सासूबाईंचंही. आणि त्याच दिवसापासून तुझं 'बेताचीच हाय' सुरू झालं. मी चूल परत पेटवली ती रागानं. तुला खोटं पाडायचं म्हणून मसाला दोनदा भाजला, तुला खोटं पाडायचं म्हणून भाकरी पातळ केल्या, तुला खोटं पाडायचं म्हणून ठेचा खलबत्त्यातच कुटला. बावीस वर्षं मी तुला खोटं पाडत होते आणि तू काही केल्या पडत नव्हतास. एकदा, नुसतं एकदा, 'आक्का, झ्याक झालंय' म्हणाला असतास तर तुझ्या जिभेला काय फोड येणार होता?

मग तुझी ती वाटी. ताट संपलं, माणूस हात धुवायला उठणार, खुर्ची मागं सरकली, की तू त्याच्यापुढं हळूच एक वाटी ठेवायचास. पाटीवर तिचं नाव नाही, बोलण्यात नाही. कारखाने चालू असायचे तेव्हा उसाची काकवी, उन्हाळ्यात कैरीचं पन्हं, कधी गुळातल्या शेवया. माणूस विचारायचा, 'हे काय?' तू म्हणायचास, 'काय न्हाई, उरलं हुतं.'

उरलं होतं! पहाटे उठून शेवया मी करायच्या आणि त्या उरलेल्या! पण एक मात्र कबूल करते. वाटी बघून माणसाचा चेहरा जसा व्हायचा, तसा मी दुसरीकडं कुठं बघितला नाही. पांढऱ्या मिशांची माणसं लाजून हसायची. मी पडद्याआडून ते बघायचे आणि तुझ्यावरचा राग तेवढ्यापुरता विसरायचे.

मी तुला म्हटलं होतं, पाटीवर लिही की, जेवणानंतर गोड वाटी मोफत. चार गिऱ्हाइकं जास्त येतील. तू म्हणालास, 'लिवलं की ती हक्काची झाली आक्का. हक्काचं मिळाल्यावर कोन हसतं? कमी पडलं तर भांडत्यात मातर.'

फक्त ऊसतोडणीच्या लोकांना तू वाटी आधी द्यायचास. पाथर्डी-शेवगावकडची ती कुटुंबं कोयते आणि गाठोडी घेऊन कारखान्याकडं निघालेली, आपल्याकडं टेकायची. त्यांना 'भाजी बेताची' नाही, 'वेळ लागेल' नाही. बसले की वाटी. मी विचारलं, यांना का उलटं? म्हणालास, 'ह्यांनी वाट लई बघितलीय. आनखी कशाला बघायला लावायची?' आज म्हणते, त्या दिवशी मला तुझी बहीण असल्याचं फार बरं वाटलं होतं.

पण वाटीच्या भांडणात मी बरोबर होते, हे आता तरी कबूल कर. मी म्हणत होते, एकदा दिलीस की पुढच्या वेळी ते मागणारच. सवय तू लावतोयस आणि पुरी मला करावी लागणार. झालं तसंच. गणेशनं खानावळ फोनच्या नकाशावर टाकली आणि लोक तिथं तारे देऊ लागले. खाली लिहू लागले, मालक म्हणतात भाजी बेताची आहे, विश्वास ठेवू नका. दुसऱ्यानं लिहिलं, शेवटची वाटी घेतल्याशिवाय उठू नका. तू डोक्याला हात लावून बसलास. त्यानंतर माणसं टेबलावर बसल्या बसल्या विचारू लागली, 'आज वाटीत काय आहे?' एका बाईनं तर एकच तारा दिला. लिहिलं, वाटी लहान होती. तू दोन दिवस नीट जेवला नाहीस.

मग तू नवा डाव काढलास. वाटी झाली, माणसं गाडीत बसली, गाडी सुरू झाली की खिडकीतून भाजलेल्या शेंगांचा पुडा. 'काय न्हाई, वाटंत खायला.' मी म्हटलं, याचंही फोनवर येईल बघ. तिसऱ्या आठवड्यात आलं. मी म्हटलं, 'आता पुढं काय रं? गाडीमागं नेवाशापतुर पळत जानार का?' तू हसलास आणि म्हणालास, 'पळायचं. जमंल तवर पळायचं.'

तुझ्या पद्धतीतली खरी गोम कळली ती आमटीच्या दिवशी. शनी अमावास्या होती, सकाळपासून रस्ता भरलेला. सुमन मदतीला आली होती. मी आमटीत मीठ घातलं आणि भाकरीकडं वळले. तिला वाटलं, वन्सं गडबडीत विसरल्या, म्हणून तिनंही घातलं. आणि नेमकी जालन्याकडची एक बस दारात येऊन थांबली, चाळीस माणसं. मी आमटी चाखली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू चाखलीस आणि तसाच बाहेर गेलास. हात जोडलेस. म्हणालास, 'मंडळी, आज आमटी खारट झालीय. खरंच झालीय.'

चाळीसच्या चाळीस माणसं खदखदून हसली. त्यांचा म्होरक्या, टोपीवाला एक बाप्या, म्हणाला, 'वाचलंय आमी फोनवर. आना, आना तुमची खारट आमटी.'

'आवो, देवाशप्पत खारट हाय!'

तू जेवढा कळवळून सांगायला लागलास तेवढे ते खूश व्हायला लागले. एकजण दुसऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाला, बघ, कसं बेमालूम करतोय. तू पळत आत आलास, 'आक्का, कनीक!' एवढंच म्हणालास. तिघांनी मिळून कणकेचे गोळे वळले आणि आमटीत सोडले, मीठ ओढून घेतील म्हणून. नंतर ते काढून टाकायचे असतात. पण बाहेरून थाळ्या वाजायला लागल्या आणि आमटी गोळ्यांसकट ताटात गेली.

म्होरक्यानं गोळा तोंडात टाकला. चावला. डोळे मिटले. मी आत पदराचं टोक दातात धरून उभी. त्यानं डोळे उघडले आणि विचारलं, 'मालक, हे काय म्हनायचं?' तू त्याच्याकडं बघितलंस, आतल्या बाजूला माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, 'काय न्हाई, उरलं हुतं.'

पुढच्या शनी अमावास्येला तेच लोक दोन बसगाड्या घेऊन आले, गोळ्यांची आमटी मागत. तेव्हापासून अमावास्येला मी आमटीत मुद्दाम मीठ चढं घालते, कारण त्याशिवाय गोळ्याला ती चव येत नाही. एवढ्या वर्षांच्या हातखंड्या आमटीचं कुणी नाव काढत नाही आणि चुकलेल्या आमटीला माणसं लांबून येतात. सुमन अजून म्हणते, ती आमटी तिची.

त्या दिवशी बस गेल्यावर आपण तिघं हसून हसून लोळलो. पण मला एक गोष्ट तेव्हाच कळायला हवी होती. उठता बसता बेताचं म्हणणाऱ्या माणसाचं एखाद्या दिवशी खरोखरच बेताचं असलं, तर ते कुणाला कळणार?

गेल्या पंधरवड्यातल्या त्या शनिवारी दुपारची गर्दी ओसरल्यावर तू चुलीपाशी आलास. पाटावर बसलास. म्हणालास, 'आक्का, आज जरा बेताचंच वाटतंय.'

मी भाकरी उलटत होते. मागं वळूनही बघितलं नाही. म्हटलं, 'तुझं कदी झ्याक आसतंय? ऊठ, तीन नंबरला पानी दे.'

तू उठलास. तीन नंबरला पाणी दिलंस. मग बाहेरच्या बाकावर बसलास तो बसलासच. टेम्पोतून दवाखान्यात नेलं, पण तू घाई करून वाटेतच निघून गेला होतास.

जालन्याची माणसं हसली, ती परकी होती. मी तुझी बहीण. मला तरी कळायला हवं होतं. दत्तू, मला माफ कर. वही उघडली ती खरं तर एवढं लिहायला, भांडणाचं नुसतं निमित्त आहे.

आता भांडणाचं ऐक. सुतकात मी वस्तीवरच होते, घरात चूल बंद. तिसऱ्या दिवशी शेजारणीनं पिठलं-भात आणला. सुमननं तीन दिवसांत पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मी बळंच तिला घास घ्यायला लावला. तिनं तो गिळला आणि म्हणाली, 'बेताचंच हाय.'

मी म्हटलं, 'आता तू सुरू हो. तुझ्या नवऱ्यानं बावीस वर्सं तेच ऐकवलं मला.'

ती माझ्याकडं बघतच राहिली. 'तुमाला? आवो वन्सं, मला काय ऐकवलं ते ठावं हाय का? तुमी खानावळ धरल्यापास्नं एक दिस सोडला न्हाई. भाजी वाढली की, आक्काच्या हातची सर न्हाई. भाकरी वाढली की, आक्काची भाकरी बघ कशी आसती. माझ्या माहेरच्या मानसांम्होरं बी तेच! एकदा तर मी ताट उचललं आन् म्हनलं, जावा, आक्काकडंच जेवा.'

माझ्या हातातला भात हातातच राहिला. मी विचारलं, 'मग गिऱ्हाइकांला बेताची का सांगत हुता?'

'ते मी बी इचारलं. म्हनले, चांगली हाय म्हनलं की लोक तिचं ताट तपासत्यात. बेताची म्हनलं की गप जेवत्यात. आक्का त्या दिवशी बाभळीखाली बसली हुती, तशी परत बसाय नको.'

दत्तू, यावर मी काय करावं? मी हसायला लागले. मला बघून सुमन हसायला लागली. दोघी भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतोय. दारात चार माणसं भेटायला आली होती, ती चपला न काढताच माघारी गेली. गावभर झालं की दोघींच्या डोक्यावर परिणाम झालाय. बावीस वर्षं माझ्या वाट्याचं कौतुक तू तिच्या ताटात वाढत होतास, आणि तिच्या वाट्याचं कुठं ठेवलंस ते ती मला अजून विचारतेय. परक्या माणसाच्या मनातलं तुला त्यानं गाडीचं दार लावायच्या आत कळायचं. घरच्या दोघींचं कळलं नाही. की कळत होतं आणि वाटी शेवटी द्यायची म्हणून राखून ठेवली होतीस? तसं असेल तर फार उशीर केलास.

उद्या पुढं उभं राहून काय बोलायचं, ते मला या सोमवारी कळलं. सोमवारी तुझा दहावा. प्रवरेच्या घाटावर एवढी माणसं जमली की तू बघितली असतीस तर आधी ताटं मोजली असतीस. तालुक्याच्या एका पुढाऱ्यानं श्रद्धांजलीचं भाषण केलं. त्यात तुझं नाव दोनदा आलं आणि रस्त्याच्या डांबरीकरणाचं चारदा.

मी पहाटे उठून सगळं रांधलं होतं. भरलं वांगं, आमटी, ठेचा, भात, पातळ भाकरी. सुमनचं ऐकल्यापासून माझ्या हातांना वेगळाच हुरूप आला होता. गणेशनं पिंड मांडले, मी शेजारी पान वाढलं, आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हटलं, 'दत्तू, आज समदं फक्कड झालंय. अमृतावानी झालंय. ये, जेव.'

समोरच्या लिंबावर सात-आठ कावळे होते. एकही हलला नाही.

थोडा वेळ गेला. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, शब्द द्या. गणेश पुढं झाला आणि म्हणाला, 'दादा, आईला मी पुण्याला नेतो.' सुमन मागून म्हणाली, 'मी न्हाई जायची पुन्याला.' कावळे जागच्या जागी. गणेश म्हणाला, 'खानावळ बंद पडू देणार नाही.' कावळे जागच्या जागी. पुढारी म्हणाले, रस्ता करून देऊ. त्यावर दोन कावळे उडून पलीकडच्या झाडावर गेले.

ऊन चढलं. माणसं घड्याळं बघायला लागली, बायका कुजबुजायला लागल्या. मी पुन्हा त्या बाभळीखाली जाऊन बसल्यासारखी झाले. वाटलं, याला नाहीच आवडत माझ्या हातचं. सुमननं बिचारीनं माझं मन राखायला काहीतरी सांगितलं. कावळा शिवेना म्हणजे तूच ताट सरकवलंस, सासूबाईंसारखं, न बोलता. एवढं मोठं रडू मला तुझ्या जाण्याच्या दिवशीही आलं नव्हतं.

आणि मग माझं मलाच कळलं. बावीस वर्षं आतून ऐकत होते, तरी शिकले काय? सगळ्या घाटासमोर मी पुन्हा तीच पहिली पाटी लावून बसले होते.

मी उठले. डोळे पुसले, पदर सारखा केला, पानासमोर जाऊन हात जोडले आणि फक्त तुला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, 'बस, दत्तू. पन आज भाजी बेताचीच हाय बरं का. अर्धा तास तरी लागंल.'

अर्धा तास लागला नाही. मी हात खाली घ्यायच्या आत एक कावळा उतरला. चांगला मोठा, चालीत जरा घाई असलेला. पिंडाला शिवला आणि सरळ पानाकडं वळला. आधी वांगं. मग भाकरीचा तुकडा. मग पुन्हा वांगं. मागोमाग बाकीचे आले. गणेश हमसून रडायला लागला. शेजारणीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, 'आक्का, बघा, वांगं किती आवडलं त्यांला.'

मी म्हटलं, 'भूक लागली आसंल.'

गुरुजी म्हणाले, 'चला, इच्छा पूर्ण झाली.' माणसं उठली, चपला शोधायला लागली. मी म्हटलं, 'थांबा जरा.' आणि सकाळपासून पदराखाली झाकून आणलेली गुळातल्या शेवयांची वाटी काढून पानाशेजारी ठेवली.

गुरुजींनी विचारलं, 'हे काय आणखी?'

'काय न्हाई,' मी म्हटलं. 'उरलं हुतं.'